पलंगाच्या पायथ्याशी

पहिल्या वृद्धाश्रमात मला चौदा चष्मे एकाच ट्रेमध्ये साबणाच्या पाण्यात पडलेले दिसले, आणि मी तिथूनच मागे फिरले. तिथली बाई दारापर्यंत माझ्यामागे आली. "अहो मॅडम, आमची बाग तरी बघून जा!" बाग गेली खड्ड्यात. माझं चष्म्याचं दुकान आहे. सव्वीस वर्षं मी लोकांच्या नाकावर चष्मे बसवतेय. चौदा चष्मे एकत्र धुतले की परत देताना कुणाचा कुणाच्या नाकावर जातो, हे मला कुणी शिकवायला नको. आणि म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत. त्यांना वाटतं, आपलीच नजर गेली.

दुसऱ्या ठिकाणी दारातच फुलांचा वास आला. बाटलीतल्या फुलांचा. एवढा वास कशावर मारलाय, ते विचारायची गरज पडली नाही. तिसऱ्या ठिकाणी एक आजोबा बायकी सोनेरी फ्रेम लावून पेपर वाचत बसले होते. मी विचारलं, "दिसतं का नीट?" ते म्हणाले, "पूर्वी दिसायचं." मी त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून पाहिला. तो जवळचं दिसावं म्हणून होताच, पण त्यांच्यासाठी नव्हता.

संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात असतो आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो.

"ताई, सापडलं का एखादं ज्येष्ठ निवास?"

"वृद्धाश्रम म्हण."

"तसं म्हणू नकोस गं. ऐकायला बरं वाटत नाही."

"तू येऊन आठ दिवस आईला सांभाळ. मग मी राजवाडा म्हणेन."

तो वाईट नाही. त्याला आई फोनवर भेटते, आणि फोनवर ती पाच मिनिटं अगदी ठणठणीत असते. "जेवलास का, झोपतोस का, बाकी काय" एवढं ती झोपेतही विचारेल.

आमच्या इमारतीत आईला सगळे सिस्टर म्हणतात. पुरुषांच्या वॉर्डात ती चौतीस वर्षं नर्स होती, त्यातली अठ्ठावीस वर्षं वॉर्डप्रमुख. कडक म्हणजे किती कडक, तर मोठे डॉक्टरसुद्धा तिच्या वॉर्डात शिरताना बूट पुसायचे. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, तरी छातीवर उलटं लावायचं ते घड्याळ तिने उतरवलेलं नाही. बोलता बोलता तिचं एक वाक्य हमखास यायचं: "चौतीस वर्षांत माझ्या हातून एक गोळी चुकली नाही." ते खरं होतं. ती गर्वाने नव्हती म्हणत, लोक आपला पत्ता सांगतात तसं म्हणायची.

माझे वडील लवकर गेले. भाऊ मावशीकडे वाढला आणि मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. आईची ड्यूटी चारला संपायची, पण ती चारला कधीच बाहेर आली नाही. कारण हँडओव्हर. पाळी बदलताना जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला एकेक रुग्ण सोपवते, तो हँडओव्हर. इतर वॉर्डांत तो टेबलाशी बसून वहीतून उरकायचे. आईचा नियम वेगळा होता. प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी उभं राहायचं आणि रुग्णाच्या देखत, त्याला ऐकू जाईल असं सांगायचं. याला काय झालंय, याने काय खाल्लं, हा कशाला घाबरतो. शेवटी येणारीने विचारायचंच, "आणखी काही?" आणि जाणारीने तेव्हा ते सांगायचं, जे सांगायला जीभ रेटत नाही. आपली चूक असेल तर चूक. "चूक लपवून घरी जाते ती नर्स नव्हे," असं ती म्हणायची. असे बावीस पलंग. काचेतून मला तिची पाठ एका पलंगावरून दुसऱ्याकडे सरकताना दिसायची. मी मोजत बसायची. मला वाटायचं, बावीस झाले की तेविसावा नंबर माझा. पण तोवर ती इतकी दमलेली असायची की घरी जाताना रस्ताभर आम्ही एक अक्षर बोलायचो नाही. त्या बावीस माणसांचा मी मनापासून द्वेष केला. अजूनही थोडा करते.

विसरणं हळूहळू आलं. आधी चाव्या, मग नावं, मग आजचा वार. मी दुकानात गेले की ती खालच्या मजल्यावर मास्तरांकडे बसायची. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, वय ऐंशी. त्यांची बायको आईच्या बरोबरीची. दोघींच्या गप्पा चालायच्या, मास्तर मधूनमधून झोपायचे. सहा वर्षं हे असं सुरळीत चाललं होतं.

आणि मग अडीच महिन्यांपूर्वी, मास्तरीणबाई बाजारात गेलेल्या असताना, आईने मास्तरांना गोळ्या दिल्या. तिला वाटलं ती ड्यूटीवर आहे. गोळ्या तिच्या स्वतःच्या, साखरेच्या. एक नाही, चार. मास्तरांना साखर नाही. पण सिस्टर देतायत म्हटल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि मुकाट्याने घेतल्या. कोण नाही म्हणेल? तासाभराने घाम फुटून ते खुर्चीतून खाली कोसळले. मी दुकानातून धावत आले तेव्हा आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन नाडी मोजत बसली होती आणि मला म्हणाली, "साखर उतरलीय याची. कोण मूर्खाने काय दिलंय याला?"

मास्तर दोन दिवसांत घरी आले. मी पाया पडायला गेले, तर ते म्हणाले, "सिस्टरांना सांगू नकोस. मरतील त्या." मास्तरीणबाई काही बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्यांचं दार बंद. मी तरी त्यांना काय म्हणणार? माझं माणूस असतं तर मी इमारत डोक्यावर घेतली असती.

तेव्हापासून आई माझ्याबरोबर दुकानात. काउंटरच्या टोकाला खुर्ची टाकून बसायची आणि येणाऱ्या गिऱ्हाईकाची नाडी बघायची. काहीजण हसायचे, काहीजण खरंच मनगट पुढे करायचे. एका बाईला तिने सांगितलं, "चष्मा नंतर, आधी रक्त तपासून घ्या," आणि त्या बाईचं रक्त खरोखरच कमी निघालं. पण एकदा मी आत काच घासत असताना ती रस्त्यावर निघून गेली, वॉर्ड शोधायला. रस्त्यापलीकडच्या शिंप्याने हाताला धरून परत आणली. त्या दिवशी मला कळलं की माझ्याच्याने हे होणार नाही. डोळ्यांत तेल घालून बसले तरी माझे डोळे दोनच.

म्हणून चौथं ठिकाण बघायला मी तिला बरोबर नेलं. मागे तिच्याजवळ थांबायला कुणी नव्हतंच. आणि जाताना खोटं बोलले. "माझ्या एका गिऱ्हाइकाच्या आईसाठी जागा बघायचीय. तुझ्याइतकं यातलं कुणाला कळतं? चल, तपासून दे."

तिचा चेहरा जो उजळला, तो बघून मी उगाच चपला शोधायला लागले. तिने इस्त्रीची पांढरी साडी नेसली आणि घड्याळाला चावी दिली.

तिथली व्यवस्थापिका हसतमुख होती, हातात फाईल. "या, आधी बाग बघू या."

"बाग आजारी आहे का?" आई म्हणाली. "पलंग दाखवा."

व्यवस्थापिकेने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

रिकाम्या खोलीत शिरल्याबरोबर आईने उशाशी लटकणारी घंटी दाबली आणि छातीवरचं घड्याळ उचलून बघत उभी राहिली. व्यवस्थापिका बोलायला लागली, तर आईने बोट ओठांवर ठेवलं. पन्नास सेकंदांनी एक तरुण नर्स लगबगीने आत आली. ठेंगणी, गालावर तीळ.

"काय झालं, आजी?"

"आजी नाही, सिस्टर. हात धुतलेस?"

मुलीने दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवले, शाळेत नखं दाखवतात तसे. ओले होते. आईने मान हलवली. मग पाण्याचा पेला उचलून बघितला, पलंगाचा दांडा हलवून बघितला, गादीखाली हात घातला, न्हाणीघरातल्या दांडीला लटकून बघितलं. शेजारच्या खोलीत एक म्हातारी बाई झोपून होती. आईने तिला विचारलं, "टाचा बघू का?" आणि पांघरूण बाजूला करून दोन्ही टाचा अंगठ्याने दाबून पाहिल्या. टाचा स्वच्छ, कुठे लाली नाही, जखम नाही.

"तुम्ही डॉक्टर का?" त्या बाईने विचारलं.

"डॉक्टर येतात नि जातात," आई म्हणाली. "मी सिस्टर."

मी काय करत होते? मी खोट शोधत होते. खरं सांगते, मला खोट हवी होती. एखादी घाण उशी, एखादं तुटलेलं कुलूप, काहीही. म्हणजे मला भावाला सांगता आलं असतं की एकही जागा धड नाही, आणि आणखी महिनाभर आई माझ्या घरी राहिली असती. मी बैठकीच्या खोलीत गेले आणि सगळ्यांचे चष्मे बघितले. प्रत्येकाच्या दांडीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला होता. हिरवा, निळा, पिवळा. भिंतीवर यादी: कोणता रंग कुणाचा.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मी," तिळाची नर्स म्हणाली. "अदलाबदल व्हायची ना. एक आजोबा महिनाभर दुसऱ्यांचा चष्मा लावून बसले होते. बोललेच नाहीत हो."

मला त्या मुलीचा इतका राग आला की विचारू नका.

परत खोलीत आले तर आई पलंगाशी उभी होती. "झोप," ती मला म्हणाली.

"मी?"

"मग कोण? झोप, आणि काय दिसतं ते सांग. रुग्णाला दिवसभर काय दिसतं हे ठाऊक नसलेली नर्स वॉर्डात काय कामाची? मी माझ्या बावीसही पलंगांवर झोपून पाहिलंय."

मी चपला काढल्या आणि झोपले. छत पांढरं. उजवीकडे खिडकी, खिडकीत एका झाडाचा वरचा अर्धा भाग. मध्ये दिवा. आणि माझ्यावर वाकलेली आई, छातीवर घड्याळ लटकतंय, भुवया जवळ आलेल्या. तिने माझ्याकडे असं शेवटचं कधी पाहिलं होतं, मला आठवेना. कदाचित मला गोवर झाला होता तेव्हा.

"दिवा डोळ्यावर येतो," मी म्हटलं.

"वाटलंच मला. पलंग फिरवा." व्यवस्थापिकेने आणि नर्सने पलंग फिरवला, मी वर असतानाच. "आता?"

"आता झाड दिसतं."

"झाड चालेल," आई म्हणाली आणि मला उठवायला तिने हात दिला.

घरी येताना टॅक्सीत ती खुशीत होती. खूप दिवसांनी काम केल्यासारखी.

"जागा चांगली आहे. ती पोरगी कामाची आहे. सांग तुझ्या गिऱ्हाइकाला, ठेवायला हरकत नाही." मग थोड्या वेळाने, "पण त्या बाईंना माहीत आहे ना?"

"काय?"

"की त्यांना तिथे ठेवणार आहेत."

मी बाहेर बघितलं. "नाही. अजून नाही."

"मग सांगा म्हणावं. फसवून आणलेला रुग्ण पहिल्या आठवड्यात खाणं सोडतो. मी पाहिलंय. त्याला सगळं सोसतं, फसवलेलं सोसत नाही." ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मुलगी कशी आहे तिची?"

"रागीट आहे."

"दमली असेल बिचारी," आई म्हणाली. "दमलेली माणसं रागावतात."

टॅक्सीवाला आरशातून माझ्याकडे बघत होता. मी रुमाल शोधत राहिले. तो पर्समध्ये समोरच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी तिला सांगितलं. गिऱ्हाईक नाही, त्यांची आई नाही, ती जागा तुझ्यासाठी आहे. तिने कप बशीत सरळ ठेवला. मग म्हणाली, "बरं. तू ठरवलंयस तर विचार करूनच ठरवलं असशील." मला वाटलं, सुटले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ती सगळं विसरली होती.

जागा मिळायला नऊ दिवस होते. मी तिला नऊ वेळा सांगितलं. रोज सकाळी, चहाबरोबर. तिचाच नियम होता, फसवायचं नाही. एके दिवशी ती रडली. एके दिवशी तिने मला विचारलं, "मी काय चूक केली?" आणि मी म्हटलं, "काही नाही." एके दिवशी तिने कप फेकला आणि म्हणाली की मी तिची मुलगी नव्हेच, तिची मुलगी बाहेर बाकावर बसलीय. एके दिवशी ती नुसतं "चालेल" म्हणाली, आणि तो दिवस सगळ्यांत वाईट होता. एकच बातमी ती नऊ वेळा पहिल्यांदा ऐकत होती. आणि देणारी प्रत्येक वेळी मीच. डोळे तपासताना मी लोकांना विचारते, हे बरं की ते बरं? त्या नऊ दिवसांत मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, दोन्ही धूसर.

मास्तरांच्या गोळ्यांचं मात्र मी सांगितलं नाही. ते माझ्या जिभेवर आलंच नाही. तिच्याकडे उरलं होतं काय? घड्याळ आणि ते एक वाक्य.

दहाव्या दिवशी आम्ही गेलो. एक बॅग, एक उशी, आणि तिचा चष्मा. दांडीला मी आधीच लाल दोरा बांधला होता. खोली तीच होती, पलंग आईने फिरवून घेतला होता तसाच. ती पलंगाच्या कडेला बसली, तिळाची नर्स फॉर्म घेऊन खुर्चीत.

"ताई, काही माहिती भरायची होती. कशाची ॲलर्जी? रात्री किती वेळा—"

"ही काय पद्धत झाली?" आई म्हणाली.

नर्स थांबली.

"बसून हँडओव्हर घेतेस? ऊठ. पायथ्याशी ये. तूही ये," मला. मग ती पाय वर घेऊन उशीला टेकून बसली आणि चादर गुडघ्यांवर ओढून घेतली. "हं. रुग्णाला ऐकू गेलं पाहिजे."

आम्ही दोघी पायथ्याशी उभ्या राहिलो. लहानपणी काचेबाहेरून हजार वेळा पाहिलेलं होतं, त्यामुळे मला ते येत होतं. मी नाव सांगितलं. वय सांगितलं, एकोणऐंशी. उजव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून डावीकडून बोलायचं. चहा ओततानाच निवलेला लागतो, गरम दिला तर विसरून जाते आणि मग गार झाला म्हणून तुमच्यावरच ओरडते. पहाटे उठून ड्यूटीला जायचं म्हणेल. तुम्ही निवृत्त झालात असं सांगू नका. आज दुपारची पाळी आहे म्हणा, म्हणजे ती परत झोपते. लाल दोऱ्याचा चष्मा हिचा. एकटी असली की हात चोळते, तेव्हा दुमडायला टॉवेल द्या. घरातले सगळे टॉवेल मी रोज मुद्दाम विस्कटून ठेवायची.

आई ऐकत होती आणि मान हलवत होती, एखाद्या बऱ्या शिकाऊ मुलीचं ऐकावं तशी.

मी थांबले. नर्सने फॉर्मवरून मान वर केली.

"विचार तिला," आई नर्सला म्हणाली.

"काय विचारू?"

"आणखी काही?"

"आणखी काही?" नर्सने मला विचारलं.

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं. आई माझ्याकडे बघत होती. नऊ दिवसांत तिची नजर इतकी स्वच्छ मी पाहिली नव्हती. मास्तरांचे शब्द मला आठवत होते. पण या मुलीला मी सांगितलं नाही, तर इथेही एक मास्तर असतीलच, हात पुढे करणारे.

"आहे," मी म्हटलं. "औषधं हिच्या हाताशी ठेवू नका. कुणाचीच. अडीच महिन्यांपूर्वी शेजारच्या एकांना हिने स्वतःच्या साखरेच्या गोळ्या दिल्या. चार. ते पडले."

मला वाटलं होतं ती ओरडेल. मला हवं होतं की तिला कळूच नये.

"रुग्ण कसा आहे?" आईने विचारलं.

"बरा आहे. दोन दिवसांत घरी आला."

"बेशुद्ध होता?"

"थोडा वेळ."

"मी दिल्या?"

"हो, आई."

तिने आपला उजवा हात पालथा केला, सुलटा केला, आणि बघत राहिली. त्या हाताकडे बघून ती जे रडली, ते मी आयुष्यात विसरणार नाही. आवाज नाही, काही नाही. नुसतं पाणी. मी पुढे झाले तर तिने तोच हात वर करून मला थांबवलं.

"बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली. "लिहून घे गं," नर्सला. नर्सने लिहिलं. आई तिच्या पेनाकडे बघत राहिली. "म्हणजे मी आता ड्यूटीवर नसलेलीच बरी."

मग तिने छातीवरचं घड्याळ काढलं. टाचणी निघेना, पण तिने मदत घेतली नाही. घड्याळ नर्सच्या हातात दिलं. "रोज सकाळी चावी द्यायची. विसरू नको."

मला वाटलं, संपलं. मी पर्स उचलली. पण आई पलंगावरून खाली उतरली, चादर सारखी केली आणि मला दंडाला धरून तिथे बसवलं, तिच्या जागेवर. स्वतः पायथ्याशी जाऊन नर्सच्या शेजारी उभी राहिली. पाठ ताठ.

"आई, काय करतेयस?"

"रुग्णाने मध्ये बोलायचं नाही." आणि मग ती नर्सला ऐकू जाईल, मलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागली. "ही माझी मुलगी. वय..." ती अडली. मी हळूच "त्रेपन्न" म्हटलं. "त्रेपन्न. वडील नाहीत. ताप आला तर सांगत नाही, गाल लाल होतात त्यावरून ओळखायचं. सकाळचं खात नाही. खाल्लं म्हणते, पण खात नाही. चिडते. चिडली की तिच्याशी वाद घालायचा नाही, जरा वेळ शेजारी बसायचं. उजव्या कुशीवर झोपते. एकटी झोपायला घाबरते, पण कबूल करणार नाही."

मला ठाऊकही नव्हतं की हे तिला ठाऊक होतं. चार वाजून गेल्यावर काचेपलीकडून जी पाठ मी मोजत बसायची, त्या पाठीला सगळं दिसत होतं. बावीस पलंग झाले होते. माझा नंबर आला होता, पंचेचाळीस वर्षांनी.

आई बोलायची थांबली. नर्सचे डोळे वाहत होते, तरी तिने विचारलं. मघाशी शिकली होती.

"आणखी काही, सिस्टर?"

"हो," आई म्हणाली. "शाळा सुटली की ही बाहेर बाकावर येऊन बसते. कुणी सांगितल्याशिवाय उठत नाही. तासाभराने बाहेर बघायचं. बसलेली दिसली तर सांगायचं, आईची ड्यूटी आज संपायची नाही, तू घरी जा."

मी तिचा पापा घेतला. ती टॉवेल दुमडायला लागली होती. "दुकान उघडायचंय," असं काहीतरी मी पुटपुटले आणि खोलीबाहेर पडले.

बाहेरच्या भिंतीशी एक बाक होता. चष्मा पुसायचा म्हणून मी दोन मिनिटं टेकले. ऊन बाकाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर गेलं. दार उघडलं आणि तिळाची नर्स बाहेर आली. मला बघून ती जागच्या जागी थबकली.

"ताई," ती म्हणाली, आणि पुढे तिला बोलवेना.

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "पण तू सांग. तुला सांगायला सांगितलंय ना, मग सांग."

तिने सांगितलं. मी उठले आणि घरी गेले.